खोडते म्हणाले होते

माझं काम गप्प बसण्याचं आहे. कुणी विचारलं की मी ‘प्रेक्षकांची मतं गोळा करते’ असं सांगते, पण त्यातला कठीण भाग बोलण्याचा नसतोच. एखादा चित्रपट पुरता तयार होण्याआधी तो थोड्या लोकांना दाखवतात. साताऱ्यात, सांगलीत, अशा गावांत. आठ-आठ जणांचा गट करायचा, कच्चा चित्रपट दाखवायचा आणि मग गोल बसवून दीड-दोन तास बोलतं करायचं. मध्ये रेकॉर्डर ठेवायचा. नंतर ते सगळं इंग्रजीत लिहून काढायचं आणि मुंबईच्या ऑफिसला पाठवायचं.

या कामाचे काही नियम आहेत. ‘आवडला का?’ असं विचारायचं नाही, ‘काय लक्षात राहिलं?’ असं विचारायचं. उत्तराचं कौतुक करायचं नाही, नाहीतर बाकीचे तसंच उत्तर देऊ लागतात. एका घरातल्या दोघांना एका गटात घ्यायचं नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे माणूस बोलून थांबला की लगेच पुढचा प्रश्न टाकायचा नाही. मनात पाचपर्यंत मोजायचं. बहुतेकांना ती शांतता सहन होत नाही. तीन किंवा चार होईपर्यंत माणूस पुन्हा बोलू लागतो, आणि खरं मत त्या दुसऱ्या बोलण्यात असतं.

मी लहानपणापासून बुजरी. सांगलीला इंग्रजी शाळेत होते, तिथे ‘तोंड उघड’ हे ऐकतच दहावी झाले. मराठी घरात बोलले, पण शाळेत मराठी दुय्यम विषय होता. वाचते, पण मनात. मोठ्यानं वाचायची वेळ आली की जोडाक्षरांपाशी अडखळते आणि कान लाल होतात. या नोकरीत पहिल्यांदा माझं गप्प बसणं कुणाच्या तरी उपयोगाला आलं. ऑफिसातल्या मॅडम म्हणायच्या की, तुझ्या गटातली माणसं दुसऱ्या कुणाला सांगत नाहीत ते तुला सांगतात. मला त्याचा अभिमान होता. तो होता म्हणूनच पुढचं सगळं झालं.

चित्रपट एका जुन्या कादंबरीवर होता. नाव सांगत नाही, तशी सही केलेली आहे. काळ महायुद्धाचा, गाव एका लहान संस्थानातलं. नवरा पलटणीबरोबर परदेशात. बायकोला वाचता येत नाही, म्हणून त्याची पत्रं संस्थानच्या शाळेतले मास्तर तिला वाचून दाखवतात, तिची उत्तरंही तेच लिहितात. त्यातून ती मास्तरांत गुंतते. शेवटी नवरा परत येतो. तिनं काय करावं, यावर निर्मात्यांचं एकमत होत नव्हतं. त्यांना प्रेक्षकांचं मत हवं होतं. सातारा-सांगली यासाठी की इथे घरटी कुणीतरी फौजेत असतं.

मी कादंबरी वाचलेली नव्हती. इंग्रजीत तिचा चार पानांचा सारांश मिळाला होता, त्यावर भागवलं. सांगलीच्या गटात एक निवृत्त शिक्षिका आल्या, त्या पिशवीत कादंबरीची प्रत घेऊनच. ठिकठिकाणी कागदाच्या चिठ्ठ्या लावलेल्या. चित्रपट संपताच त्यांनी पहिल्या चिठ्ठीचं पान उघडलं. “इथे ती हसत नाही. तुमची बाई हसली.” मी म्हटलं, तुम्हाला ते खटकलं का? “मला नाही, पुस्तकाला खटकलंय,” त्या म्हणाल्या आणि दुसऱ्या चिठ्ठीकडे वळल्या. मग त्यांनी मला विचारलं की, तू वाचलंस ना हे? नियमाप्रमाणे मी माझ्याबद्दल काही सांगायचं नसतं. त्या नियमाच्या आड मी लपले. त्यांना कळलंच असणार.

साताऱ्याच्या पुरुषांच्या गटात माजी सैनिक होते. त्यांनी प्रेमप्रकरणाला हात लावला नाही. पडद्यावरच्या शिपायांनी पायाच्या पट्ट्या उलट्या गुंडाळल्या आहेत, यावर पाऊण तास बोलले. एकानं उठून स्वतःच्या विजारीवर रुमाल गुंडाळून दाखवला. महाबळेश्वरला हॉटेल चालवणारे एक गृहस्थ म्हणाले की तिकडच्या पावसात घाटातून छत्री उघडी धरून चालणारा नायक त्यांना भेटायचा आहे. सांगलीच्या बायकांना नायिकेची चूल पटली नाही. तीन तास चूल पेटतेय आणि एकदाही फुंकणी नाही, डोळ्यांत पाणी नाही. “ती रडती ते मास्तरासाठी,” एक म्हणाली, “धुरानं एकदा तरी रडायला पायजे व्हती.” सगळ्या हसल्या. मीही हसले असते, पण हसणंही मत असतं.

साताऱ्यातला बायकांचा गट शेवटचा होता. एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर दुपारी ठेवला होता. माणसं जमवायचं काम तिथल्या हेमाताई करतात. ऐनवेळी आठवी बाई आली नाही. औंधच्या बाजूच्या एका गावातून कमलमावशी आल्या होत्या, वय सत्तरीच्या आसपास. त्यांच्या सोबतीला त्यांची धाकटी जाऊ इंदूबाई आली होती, ती बाहेर जिन्यात बसून होती. हेमाताई म्हणाल्या, बसू दे की हिलाच, कुणाला कळतंय. नियम मला पाठ होता. पण नाही म्हणायला लागणारं बोलणं माझ्यात नव्हतं. मी मान हलवली.

सुरुवातीला सगळ्यांकडून एका कागदावर सही घ्यायची असते. मराठीत, बारीक टाइपातला पानभर मजकूर. नियम असा की तो मोठ्यानं वाचून दाखवायचा. मी तो कधीच वाचून दाखवत नव्हते. ‘ध्वनिमुद्रणाचा प्रसिद्ध्यर्थ वापर’ अशा शब्दांपाशी मी आठ बायकांसमोर अडखळले असते, म्हणून मी हसून ‘इथे सही करा’ एवढंच म्हणायचे आणि लोक करायचे. कमलमावशींनी कागद हातात धरून विचारलं, “काय लिवलंय ह्यात?” मी म्हटलं, “तुमचं नाव कुठे येणार नाही, असं.” ते त्यात होतं, खोटं नव्हतं. त्यांनी सावकाश, एकेक अक्षर कोरत सही केली. पुढे कळलं की त्यांना तेवढंच लिहिता येतं.

चित्रपट झाला. बाकीच्या बायका बोलत होत्या, कुणी म्हणे मास्तराचं चुकलं, कुणी म्हणे नवऱ्यानं दुसरी केली असती तर चाललं असतं ना. मावशी काही बोलल्या नव्हत्या. मी त्यांच्याकडे बघून विचारलं, तुमच्या काय लक्षात राहिलं? त्या म्हणाल्या, “पत्र वाचतानाचं.” आणि थांबल्या.

मी मोजायला लागले. एक, दोन, तीन. इंदूबाई पदराशी चाळा करत होती. चार.

“आमचं मालक फौजेत व्हतं,” मावशी म्हणाल्या. “वर्सातनं एकदा यायचं. पत्र आलं की म्या शाळेत मास्तरांकडं न्यायची. वऱ्हांड्यात बसून वाचायचं ते. चांगलं आसू दे, वाईट आसू दे, एक अक्षर गाळायचं न्हाईत.” पुन्हा थांबल्या. मी पुन्हा मोजलं. “मालक सुट्टीवर आलं की वळखीचं वाटायचं न्हाईत. आवाजच येगळा. मला पत्रातला माणूस आवडायचा. आन त्येचा आवाज मास्तरांचा व्हता. आजून हाय.”

त्यानंतर त्यांनी इंदूबाईकडे पाहिलं. मीही पाहिलं. इंदूबाई खाली बघत होती.

मास्तरांमध्ये आणि मावशींमध्ये काही झालेलं नव्हतं. मास्तरांना जाऊनही बरीच वर्षं झाली होती. पण त्या क्षणी मला त्या बाईंची काळजी वाटली, असं लिहिलं तर खोटं होईल. मला वाटलं की, मिळालं. सहा गटांत मिळालं नव्हतं ते मिळालं. मी रेकॉर्डरचा लाल दिवा चालू आहे ना ते बघितलं. निघताना सगळ्यांना स्टीलचा डबा भेट दिला, मावशींनाही दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. नंबर हेमाताईंकडून घेतला होता. मागे कोंबड्यांचा आवाज येत होता, घराबाहेर जाऊन बोलत असाव्यात.

“ताई, काल म्या बोलले ते खोडता येतं का? मधीच कसं बोलले कळलं न्हाई. इंदी बसल्याली. मालकांच्या कानावर गेलं तर ह्या वयात बरं दिसंल का?”

खोडता येतं. त्याच कागदावर तसं लिहिलेलं आहे, कुणालाही आपलं बोलणं मागे घेता येतं. ऑफिसला दोन ओळींचा मेल करायचा, तेवढं ते काढून टाकतात. मी म्हटलं, “हो मावशी, खोडते.” त्या म्हणाल्या, “आठवणीनं बरं का.” आणि फोन ठेवला.

मी मेल लिहायला घेतलाही. त्याआधी मॅडमचा मेल येऊन पडला होता. आदल्या रात्री मी पाठवलेल्या टिपणातलं मावशींचं ते वाक्य त्यांनी वर काढून ठेवलं होतं. दिग्दर्शकालाही दाखवलं होतं म्हणे. खाली लिहिलं होतं की हे मूळ आवाजात हवंय, लगेच पाठव. नोकरीच्या इतक्या वर्षांत माझ्या कामाबद्दल कुणी दिग्दर्शकाशी बोललं नव्हतं. मी स्वतःला समजावलं की नाव नाही, चेहरा नाही, एवढ्या मोठ्या महाराष्ट्रात कुणाला काय कळणार? अर्ध्या मिनिटाचा तो तुकडा कापून मी पाठवून दिला. माझा दोन ओळींचा मेल न पाठवलेल्या मेलांमध्ये राहिला. अजून तिथे आहे. जीभ रेटत नाही तेव्हा मी गप्प बसते, हे सगळ्यांना माहीत आहे. लिहितानाही मी गप्प बसू शकते, हे मला तेव्हा कळलं.

तीन महिन्यांनी चित्रपटाची जाहिरात फिरू लागली. पडद्यावर नुसतं एक पिवळं पडलेलं पत्र, हळूहळू उलगडणारं. आणि त्यावर मावशींचा आवाज. “मला पत्रातला माणूस आवडायचा. आन त्येचा आवाज मास्तरांचा व्हता.” खाली अक्षरं, ‘साताऱ्यातील एक प्रेक्षक’. आमच्या सांगलीच्या घरात आईनंच मला ती फोनवर दाखवली. म्हणाली, किती खरं बोलल्या आहेत बघ या बाई. मी म्हटलं, हो. ही बाई मला माहीत आहे, असं म्हणाले नाही.

नाव झाकलं होतं, चेहरा झाकला होता. आवाज झाकायचा असतो, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. आणि ती बाई तर मला आवाजाबद्दलच सांगत होती.

आठवडाभर मी काही केलं नाही. मग हेमाताईंचा फोन आला की तुझ्या त्या मावशींच्या घरी काहीतरी झालंय, जाऊन ये जमलं तर. सांगलीहून साताऱ्याला गेले, तिथून दुसरी एसटी. रस्त्याला दोन्हीकडे ऊस. पूर्ण वाटेत मी मनात एकच वाक्य जुळवत होते. इंदूबाईनं सांगितलं असणार. जाऊच ती, एवढी गोष्ट पोटात राहणार होती थोडीच? तसं असेल तर माझी चूक फक्त तिला गटात बसवण्याची. तेवढी मला पेलली असती.

इंदूबाई गोठ्याशी भेटली. मला ओळखलं. मी काही बोलायच्या आत ती हळू आवाजात म्हणाली, “म्या घरात एक सबुद काढला न्हाई. आक्कांनी पाया पडून सांगायची बी गरज नव्हती. साऱ्या गावाला तुमी सांगितलं.”

मग तिनंच पुढचं सांगितलं. मावशींचे मालक सुभेदार म्हणून निवृत्त झालेले; त्या सुभेदारांच्या माजी सैनिकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ती जाहिरात आली. फौजेतल्या घराची गोष्ट म्हणून कुणीतरी टाकली होती. त्यांनी ती अंगणात बसून तीनदा ऐकली. ओरडले नाहीत. फोन मावशींच्या हातात दिला आणि आत जाऊन माळ्यावरची ट्रंक काढली. मावशींनी त्यांची सगळी पत्रं त्यात जपून ठेवलेली होती.

ओसरीवर सुभेदार खुर्चीत ताठ बसले होते. चष्मा लावलेला, हातात निळं अंतर्देशीय पत्र. मावशी खाली शेंगा फोडत होत्या. मला बघून त्यांचे हात थांबले आणि पुन्हा चालू झाले. मी साताऱ्याहून आले असं काहीतरी पुटपुटले. सुभेदारांनी ओळखलं की नाही कळलं नाही.

“बसा,” ते म्हणाले. “हिला पत्र वाचून दाखवतोय. थोडं राहिलंय.”

आणि वाचू लागले. बर्फ पडतंय, तब्येत ठीक आहे. तू पाठवलेले लाडू पार्सलात फुटले, तरी सगळ्यांनी वाटून खाल्ले. गाभण म्हशीला जास्त चालवू नकोस. हजेरी घेतल्यासारखं वाचत होते, प्रत्येक वाक्याला सारखाच जोर. एका ठिकाणी थांबले. माझ्याकडे पाहिलं, पत्राची घडी घातली.

“पुढचं घरगुती आहे,” ते म्हणाले. “परक्या माणसासमोर नको.”

त्यांनी ते मुद्दाम म्हटलं की सहज, मला सांगता येणार नाही. मला चहा दिला गेला. मी माफी मागायला आले होते, पण त्या माणसासमोर कोणत्या शब्दांत मागायची ते सुचेना. चहा पिऊन उठले. मावशी पदर सावरत म्हणाल्या, फाट्यापर्यंत येते सोबतीला.

फाट्यावर एसटीच्या शेडमध्ये आम्ही दोघीच होतो. त्या म्हणाल्या, “तू खोडते म्हणालीस, म्हून मी निवांत व्हते बघ. काळजी सोडून दिली व्हती.”



“वाईट वागत न्हाईत त्ये,” त्या म्हणाल्या. “रोज दुपारी येक पत्र काढत्यात. शंभराच्या वर हायत. म्हणत्यात, माजं म्या वाचतो, ऐक. ऐकते म्या. पर आता पत्र आठवलं की ह्यांचाच आवाज येतो कानात. मास्तरांचा येईनासा झालाय.” त्यांनी पदराला चिकटलेली शेंगांची टरफलं झटकली. “काल लय आठवून बघितला. न्हाई आला.”

मी गप्प होते. मोजत नव्हते, मला खरोखर काही बोलता येत नव्हतं. मावशीही गप्प राहिल्या. रस्त्याकडे न बघता माझ्याकडे बघत राहिल्या. इतकी वर्षं मी दुसऱ्यांना ज्या शांततेत बसवलं, तिच्यात बसायला कसं वाटतं ते मला त्या दिवशी कळलं. मला ती पाचपर्यंतही सोसली नाही.

मी त्यांना सगळं सांगितलं. कागदावरची ती ओळ वाचून दाखवली नव्हती, कारण मला मराठी मोठ्यानं वाचायला लाज वाटते. खोडायचा मेल लिहिला होता, पाठवला नाही. आवाज मीच कापून पाठवला. त्यांनी विचारलं, “का पर?”

“ते वाक्य फार चांगलं होतं, मावशी.”

हे ऐकून त्या रागावतील असं वाटलं. त्यांनी पहिल्यांदा रस्त्याकडे पाहिलं.

आता मी गटात बसण्याआधी तो कागद पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचून दाखवते. अडखळते. कान लाल होतात. बायका हसतात, एखादी आजी शब्द सांगते, मी पुढे जाते. मॅडम म्हणतात की हल्ली तुझ्या गटांत पूर्वीसारखं काही सापडत नाही. ‘प्रसिद्ध्यर्थ’ म्हणजे जाहिरातीसाठी, हे सांगितलं की लोक जपून बोलतात. बोलू देत. चित्रपटाचा शेवट निर्मात्यांनी कादंबरीतलाच ठेवला. सांगलीच्या त्या शिक्षिकाबाईंनी ती कादंबरी मला वाचायला दिली आहे. मी ती रोज पानभर, दार लावून, मोठ्यानं वाचते.

पण त्या दिवशी फाट्यावर एवढंच झालं. उसाच्या वळणावर एसटी दिसली. मावशी उठल्या, त्यांनीच हात वर करून ती थांबवली. मी पायरीवर पाय ठेवला तेव्हा त्या मागून म्हणाल्या,

“चांगलं व्हतंच ते. माजं व्हतं.”